'अनलिमिटेड' नेट २० तारखेलाच का मंदावते?



बंदीचे दिवस आहेत. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर जेटीला आणि माणसे घरात. वाय-फायवर सगळ्यांचाच भार पडतो: हिशेबाचा कॉम्प्युटर, मुलांचे लॅपटॉप, टीव्ही, चार-पाच मोबाईल.

गेल्या वर्षी माझ्या घरी काय झाले ते सांगतो. २० तारीख उलटली आणि बोटीच्या परवान्याचे कागद अपलोडच होईनात. दुसऱ्या दिवशी मुदत संपणार! गेम खेळून नेट संपवतोस म्हणून मी मुलावर ओरडलो. बिचारा उगाच बोलणी खाऊन बसला. खरा चोर निघाला अंगणातला कॅमेरा.

अनलिमिटेड म्हटले तरी प्लॅनला मर्यादा असते, कुठे १००० जीबी, कुठे ३३०० जीबी. ती ओलांडली की नेट बंद होत नाही, पण स्पीड एकदम खाली येतो. माझा २ एमबीपीएसवर आला होता. बहुतेक प्लॅनमध्ये अपलोडही मोजतात, हे आपल्या लक्षात येत नाही.

आता हिशेब बघा. ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १ एमबी. कॅमेरा २ एमबीपीएसने रात्रंदिवस इंटरनेटवर रेकॉर्डिंग पाठवत असेल तर दिवसाला साधारण २१ जीबी, महिन्याला ६५० जीबी जवळपास. १००० मधले ६५० एकट्या कॅमेऱ्याचे! वर स्पीड पडल्यावर उरलेले २ एमबीपीएससुद्धा तोच खाणार. माझे कागद जाणार कुठून? कॅमेऱ्याचा प्लग काढला, तेव्हा कुठे गेले. नंतर रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर लावले, तेही काही हलले तरच.

टीव्हीवर एचडी सिनेमा तासाला ३ जीबीपर्यंत घेतो, फोर-के त्याच्या दुप्पट किंवा जास्त. ऑनलाईन गेम खेळताना डेटा थोडाच लागतो, गेम डाउनलोड करताना मात्र भरपूर.

कुठला कॉम्प्युटर किती खातो ते विंडोजच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क'खाली 'डेटा युसेज'वर दिसते. तिथेच वाय-फाय 'मीटर्ड' करून ठेवा, म्हणजे मोठे अपडेट आपोआप उतरत नाहीत. पण अपडेट कायमचे अडवू नका, महिन्याच्या सुरुवातीला एकेका कॉम्प्युटरवर करून घ्या. मोबाईलचे फोटो-व्हिडिओ बॅकअपही बघा, तेही अपलोडच.

मोठा प्लॅन घेण्याआधी एवढे तपासा. जमत नसेल तर बिल आणि लॅपटॉप घेऊन दुपारी ऑफिसात या, बसून बघू.