संगणक आत का घेत नाही?

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना, दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेजवळ कनेरगाव नाका लागते. नाका म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांची तपासणी करण्याची जागा. कार्यालयातील संगणकांच्या जाळ्यातही असाच एक नाका असतो. तेथे आपले नाव आणि परवलीचा शब्द सांगावा लागतो. 1960 नंतरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांनी अनेकांच्या सामाईक संगणकासाठी ही पद्धत वापरली.

समजा, एका लहान कार्यालयात सहा संगणक एका मुख्य संगणकाला जोडलेले आहेत. बाहेर दाखल्यांसाठी रांग लागली आहे. एका विद्यार्थ्याच्या अर्जाची मुदत आजच संपते. आणि नेमका संगणक म्हणतो, ‘प्रवेश नाही!’ अशा वेळी काय कराल? सगळ्या तारा उपटून पुन्हा जोडाल? मग दोष गेला तरी तो कोठे होता, हे कधीच कळणार नाही. प्रयोगशाळेतला नियम येथेही पाळा : एका वेळी एकच गोष्ट बदला.

दोन सोपे प्रयोग

पहिला प्रयोग : तोच कर्मचारी शेजारच्या संगणकावर बसवा. तेथेही प्रवेश मिळाला नाही, तर दोष बहुधा त्याच्या नावाच्या नोंदीत आहे. अनेकदा चुकीचा शब्द दिल्यामुळे ती नोंद कुलूपबंद झाली असेल.

दुसरा प्रयोग : बंद पडलेल्या संगणकावर दुसऱ्याला बसवा. त्यालाही नकार मिळाला, तर दोष त्या संगणकात किंवा त्याच्या तारेत शोधा. सहाही संगणक अडले असतील, तर मुख्य संगणकाकडे किंवा सर्व तारा एकत्र येतात त्या पेटीकडे वळा.

पण सावधान! विंडोज प्रणाली पूर्वी येऊन गेलेल्यांची ओळख संगणकातच जपून ठेवते. म्हणून तार तुटलेली असतानाही जुन्या माणसाला प्रवेश मिळू शकतो. तेव्हा तार जोडतो त्या खाचेजवळचा दिवा लागला आहे की नाही, तेही पाहा.

कळफलकाची गंमत

मराठीसाठी इन्स्क्रिप्ट मांडणी निवडलेली असेल, तर ‘एच’च्या कळीवर ‘प’ आणि ‘जे’च्या कळीवर ‘र’ उमटतो. परवलीच्या शब्दाच्या जागी मात्र नुसते ठिपके दिसतात. चूक कळणार कशी? म्हणून आधी कळफलकाची भाषा आणि मोठ्या अक्षरांची कळ तपासा.

घड्याळही दार अडवते

मुख्य संगणक ओळख पटल्यावर जणू एक तिकीट देतो. त्यावर वेळेचा शिक्का असतो. हेतू हा, की कोणी ते चोरून नंतर वापरू नये. या पद्धतीला ‘केर्बेरॉस’ म्हणतात. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दारावरच्या अनेकमुखी कुत्र्याचे हे नाव! दोन घड्याळांत सामान्यतः 5 मिनिटांहून अधिक फरक पडला, की तिकीट नाकारले जाते.

संगणकाच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 कंपने करतो. त्यात दहा लाखांत 20 भागांची चूक असेल, तर दिवसाला सुमारे 1.7 सेकंद आणि सुमारे 174 दिवसांत 5 मिनिटे फरक पडेल. एरवी जाळे ही घड्याळे जुळवीत राहते. पण आतली 3 व्होल्टची छोटी बॅटरी संपली आणि वीज गेली, तर घड्याळ एकदम कित्येक वर्षे मागे जाते. पडद्यावरील तारीख पाहिली, की हा रोग चटकन ओळखता येतो.

रांग वाढली, की ‘माझ्या नावाने काम कर’ असे सांगण्याचा मोह होतो. तो टाळा. एका परवलीच्या शब्दावर चौघांनी काम केले, तर चुकीचा दाखला कोणी दिला, हे कसे कळणार?

आता शाळेतील सर्व संगणकांची घड्याळे एकाच क्षणी पाहून नोंदवा. आठवड्याने पुन्हा पाहा. कोणते पुढे, कोणते मागे? आणि का बरे?