कळवायचे कोणाला?

सरकारी कचेरीतून निघणाऱ्या पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ असे लिहून खाली नावांची यादी दिलेली असते. या यादीवरून किती रुसवेफुगवे होतात, हे ज्याने मसुदे लिहिले आहेत तोच जाणे! नाव राहून गेले तर ‘मला कळविलेच नाही’ अशी तक्रार; सगळ्यांची नावे घातली, तर वाचीत कोणीच नाही. संगणकाच्या जगातही हा पेच सुटलेला नाही. डेबियनचे उदाहरण घ्या.

डेबियन ही संगणक चालविणारी प्रणाली. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली तिचा आरंभ केला. तिच्या २०२३ मधील बाराव्या आवृत्तीत चौसष्ट हजारांहून अधिक पॅकेजे, म्हणजे सॉफ्टवेअरचे सुटसुटीत बांधलेले संच, होती. जगभर विखुरलेले स्वयंसेवक त्यांची निगा राखतात. पॅकेजात एक नोंदपत्र असते. त्यातील ‘मेंटेनर’ हा रकाना भरावाच लागतो. कोणी दोष कळविला, की त्याचे ई-मेल या रकान्यातील पत्त्यावर आपोआप जाते. ज्याने जबाबदारी पत्करली, त्याला वार्ता मिळण्यासाठी निराळा अर्ज करावा लागत नाही.

परंतु आता पुष्कळ पॅकेजे एकेका गटाकडे असतात. मग मेंटेनरच्या रकान्यात गटाचा सामायिक पत्ता येतो आणि प्रत्यक्ष राबणाऱ्यांची नावे ‘अपलोडर्स’ या दुसऱ्या रकान्यात जातात. त्या नावांना पत्र आपोआप जात नाही. सहकाऱ्यांनी पॅकेज ट्रॅकर या व्यवस्थेत स्वतःची नोंदणी करावी, असे डेबियनची मार्गदर्शक पुस्तिका सांगते. नव्याने आलेला मनुष्य नाव घालतो आणि नोंदणी विसरतो. दोषाचे पत्र गटाच्या पत्त्यावर पडते. दुसरा कोणी पाहत असेल, असे प्रत्येकाला वाटते. दोन घरचा पाहुणा उपाशी! तो दोष सुरक्षिततेचा असला, तर उपाशी राहणारा मात्र ते पॅकेज वापरणारा अनोळखी माणूस असतो.

मग यंत्रानेच दुसरा रकाना वाचून सर्वांची नोंदणी का करू नये? अडचणी खऱ्या आहेत. कोणी दुसऱ्याच्याच नावाने नोंदणी करू नये, म्हणून ट्रॅकर ई-मेलने आलेल्या विनंतीवर आधी खात्रीचे पत्र पाठवितो. आपोआप नोंदणीत ही संमती गृहीत धरावी लागेल. शिवाय रकाना पॅकेजाच्या आतच असल्यामुळे तो नवी आवृत्ती चढवितानाच बदलतो. काम सोडून गेलेल्याचे नाव तोवर तेथेच राहते. आणि सर्वांत त्रासदायक गोष्ट अशी, की कोणी कंटाळून नाव काढून घेतले, तरी पुढची आवृत्ती येताच रकाना वाचणारे यंत्र त्याला पुन्हा यादीत बसवील.

तरीही मी आपोआप नोंदणीच्याच बाजूचा आहे. मात्र ती दोषांच्या पत्रांपुरती असावी. नव्या आवृत्त्या, भाषांतरे यांसारख्या वार्तांचे वेगवेगळे वर्ग ट्रॅकरमध्ये आहेतच. ते ज्याचे त्याने निवडावे. पहिल्याच पत्रात ‘आपले नाव अमुक पॅकेजात असल्यामुळे हे पाठविले आहे’ असे स्पष्ट लिहावे व बाहेर पडण्याची वाट द्यावी. आणि जो बाहेर पडला, त्याचा नकार यंत्राने टिपून ठेवावा. रकान्यात नाव पुन्हा दिसले, तर आधी त्याला विचारावे.