आधी कारखाना, मागून घर

पिंपरी-चिंचवड हे कारखान्यांनी घडवलेले शहर आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही पेनिसिलिन बनवणारी सरकारी कंपनी उभी राहिली, तेव्हा आसपास ज्वारी-बाजरीची शेते होती, मोरया गोसावींचे चिंचवड होते आणि फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांचा पिंपरी कॅम्प होता. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झाले आणि चित्र झपाट्याने बदलले. मुंबईचा रस्ता आणि रेल्वे शेजारून जात होती, पवना नदीचे पाणी जवळ होते. बजाज आकुर्डीत आली, टेल्को पिंपरीत आली. त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉप भोसरी-चिंचवडच्या गल्ल्यांत सुरू झाली. मोठ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या कामगाराने एक लेथ घेऊन गाळा थाटायचा, ही इथली जुनी रीत आहे.

१९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. १९७१ मध्ये लाखाच्या आत असलेली वस्ती २०११ च्या जनगणनेत सव्वासतरा लाखांवर गेली होती. कारखान्यांत येणाऱ्या मालावरच्या जकातीने पालिकेची तिजोरी भरत असे. आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका, असे तिच्याबद्दल मोठ्या अभिमानाने बोलले जाई. रुंद रस्ते, उड्डाणपूल, उद्याने हे सगळे त्या पैशातून झाले. २०१३ मध्ये जकात गेली, मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तोही टिकला नाही आणि २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईवर विसंबण्याची पाळी आली.

कामगार राहणार कुठे, हा प्रश्न सरकारला सुचला नव्हता असे नाही. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले ते याचसाठी. शेतकऱ्यांची जमीन घ्यायची, सेक्टर पाडायचे, रस्ते आणि गटारे आधी करायची आणि मग कामगाराला परवडेल अशा दरात ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने प्लॉट किंवा घर द्यायचे, अशी ती योजना. निगडी-आकुर्डीचा ‘प्राधिकरण’ भाग आजही झाडीचा, मोकळा आणि शांत आहे. या पट्ट्यात नियोजनाने काय साधता आले असते, त्याचा तो नमुना आहे. पण संपादन वर्षानुवर्षे रखडले. जमीन गेलेल्या मूळ शेतकऱ्यांना साडेबारा टक्के जमीन परत मिळावी, ही मागणी कित्येक दशके लोंबकळत राहिली. प्राधिकरणातली घरे वाढत्या गर्दीला पुरली नाहीत आणि त्यांची किंमत वाढत जाऊन ती कामगाराच्या हाताबाहेर गेली. २०२१ मध्ये प्राधिकरण बरखास्त करून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन केले गेले.

उरलेली गरज लोकांनी आपापल्या परीने भागवली. थेरगाव, रहाटणी, काळेवाडी, पिंपळे गुरव, चिखली इथे शेतकऱ्याने अर्धा किंवा एक गुंठा विकला आणि फिटर-टर्नरने त्यावर तीन मजले चढवले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. खाली आपले घर, वर भाड्याच्या खोल्या, त्या भाड्यातून कर्जाचा हप्ता. हे बांधकाम कागदावर अनधिकृत होते. त्यावर मालमत्ताकराच्या दुप्पट शास्तीकर बसला, काही ठिकाणी बुलडोझर फिरला. शास्तीकराचे हे ओझे २०२३ मध्ये उतरले. नियम मोडले गेले हे खरेच, पण कायदेशीर घर ज्याच्या ऐपतीत नव्हते त्याच्याकडे दुसरा मार्ग काय होता, हेही विचारायला हवे. या गल्ल्यांतून अग्निशमनाची गाडी आजही सहज जात नाही.

पाण्याची गोष्ट याहून कठीण. पवनेचे पाणी नदीपात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून उचलले जाते. ते धरणातूनच बंद जलवाहिनीने आणण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. योजना रखडली आणि २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहराला दिवसाआड पाणी मिळू लागले. इंद्रायणी नदीवर आळंदीजवळ तरंगणारा प्रदूषणाचा पांढरा फेस वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. राहणीमानाच्या मोजदादीतही शहर मागेच होते: २०१८ च्या केंद्र सरकारच्या राहणीमान निर्देशांकात पुणे पहिले आले आणि नदीपलीकडचे पिंपरी-चिंचवड ६९ वे.

दरम्यान कारखाने उत्तरेला सरकले. शहरात जागा महाग झाली होती; खेड तालुक्यात माळरान मुबलक होते. किल्ला संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणभोवती एमआयडीसीचे एकेक टप्पे पडले. बजाज १९९० च्या दशकाअखेरीस आली, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, पाठोपाठ महिंद्रा. मात्र इथे निगडीसारखे प्राधिकरण कोणी आणले नाही. औद्योगिक वसाहतीच्या आतला रस्ता एमआयडीसीचा, बाहेरचा ग्रामपंचायतीचा. चाकणला नगरपरिषद मिळाली तीच २०१५ मध्ये.

त्याची किंमत कंत्राटी कामगार मोजतो. मराठवाडा-विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली मुले महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळीत एका खोलीत चार-पाच जण राहतात, शिफ्टप्रमाणे आळीपाळीने झोपतात, मेसचा डबा खातात. शेतकऱ्याच्या हाती सातबाऱ्याऐवजी खोल्यांचे भाडे आले. ज्याची जमीन रस्त्याकडेला होती तो सावरला, ज्याचे पैसे गाडी-बंगल्यात संपले तो त्याच कंपनीच्या फाटकावर सुरक्षारक्षक झाला. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या तळेगाव चौकात कंपनीच्या बसगाड्या आणि कंटेनर तासन्‌तास अडकतात. मेट्रो २०२२ मध्ये पिंपरीपर्यंत आली, निगडीपर्यंतचे काम हाती घेतले गेले. चाकणचा कामगार अजून बस, सहा आसनी रिक्षा आणि दुचाकीवरच आहे.

चाकण परिसरासाठी स्वतंत्र महानगरपालिका करावी, हा विचार २०२५ मध्ये जोराने पुढे आला. पालिका आली तर कर गोळा होईल, गटारे होतील. भाड्याने राहणाऱ्या कामगारासाठी वसतिगृहे आणि छोटी घरे बांधायला मात्र जमीन आत्ताच राखून ठेवावी लागेल, कारण चाकणमध्ये गुंठ्यांची विक्री केव्हाच सुरू झाली आहे.