रूळ उखडले, पण रेल्वेची वाट राहिली: बंद पडलेल्या लाइन आणि यार्ड कसे शोधतात?

कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी छोटी गाडी सोलापूर-धाराशिवकडच्या अनेकांना आजही आठवते. ही बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. २००० नंतरच्या दहा-अकरा वर्षांत हा सगळा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला.

बऱ्याच ठिकाणी नवे रूळ जुन्या वाटेवर किंवा तिच्या शेजारीच पडले. पण सगळीकडे नाही. जुनी गाडी धाराशिव शहराला बाजूला ठेवून येडशीवरून जायची. गेज बदलताना मार्ग शहराजवळ आणला गेला. अशा फेरबदलात जुन्या वाटेचे तुकडे सुटतात. रूळ निघतात, स्लीपर निघतात, स्टेशनचा पत्राही जातो. तरीही माहीतगार माणूस माळरानावर उभा राहून सांगू शकतो की गाडी इथूनच जात होती. ते कसं?

रेल्वेला चढ झेपत नाही

पोलादी चाक पोलादी रुळावर धावतं, त्यामुळे घर्षण कमी आणि ओढायला सोपं. पण त्याच कारणाने चढावर पकड सुटते. बोरघाटात ३७ फूट पुढे गेल्यावर गाडी १ फूट चढते. रेल्वेच्या जगात हा भलताच तीव्र चढ आहे, म्हणूनच तिथे गाड्यांना जादा इंजिनं जोडावी लागतात. रस्त्याला मात्र याहून कितीतरी खडा चढ चालतो.

म्हणून रेल्वे जमिनीशी जुळवून घेत नाही, जमीनच कापते आणि भरते. टेकाड आलं की खोदकाम, खोलगट भाग आला की भराव. वळणही झटकन नाही, लांबलचक आणि एकसारखं. शेतांच्या बांधांमधून, ओढ्याची पर्वा न करता एखादी सपाट पट्टी सलग वळत गेलेली दिसली, तर ती पायवाट किंवा बैलगाडीची वाट नसण्याची शक्यता जास्त.

नॅरोगेजच्या बाबतीत मात्र जरा फसगत होते. छोट्या गाडीला जास्त आखूड वळण चालतं आणि तिचा भरावही बुटका असतो. वीस वर्षं नांगर फिरला की तो शेतात मिसळून जातो. तिथे बघायच्या त्या मोऱ्या. घडीव दगडाच्या, कमानीच्या, आणि दोन वाहनं शेजारून जाणार नाहीत इतक्या अरुंद. शेतकरी भराव सपाट करतो, पण पावसाचं पाणी वाहून नेणारी मोरी सहसा पाडत नाही.

आधी नकाशा, मग चप्पल

शोध घरूनच सुरू होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे ऑनलाइन मिळतात. त्याहून जुन्या काळासाठी अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५०च्या दशकात छापलेली भारताची १:२,५०,००० नकाशामाला उपयोगी पडते. ती टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवली आहे. त्यावर तेव्हाच्या छोट्या लाइनही दिसतात. हा नकाशा उपग्रहचित्राशेजारी ठेवला की निम्मं काम होतं.

उरलेलं काम गाव नकाशा करतो. रेल्वेने संपादित केलेली जमीन गटांच्या मधून गेलेल्या लांब, चिंचोळ्या पट्टीसारखी दिसते. आणि ही पट्टी जिथे अचानक फुगते, दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये रुंद, चातीसारखी होते, तिथे स्टेशन किंवा यार्ड होतं. यार्डात एका रुळाचे पाच-सात फाटे होतात आणि पुढे पुन्हा एक होतो, म्हणून हा आकार. रूळ गेले तरी जमिनीची हद्द तीच राहते. गावात 'स्टेशन रोड' आहे आणि स्टेशन नाही, हीसुद्धा चांगली खूण.

यार्डात काय ओळखू येतं?

वाफेच्या इंजिनाला पाणी, कोळसा, राख काढायला जागा आणि तोंड फिरवायची सोय लागायची. या चारही गरजांनी यार्डात बांधकाम मागे ठेवलं. उंच खांबांवरची लोखंडी टाकी आणि जवळच मोठी विहीर हे पाण्याचं. रुळांच्या मधोमध असलेली, विटांनी बांधलेली लांबट खंदकासारखी जागा राखेची. बांधीव कठड्याचा गोल खड्डा दिसला, तर तिथे इंजिन फिरवायचं टर्नटेबल होतं.

दोन गेज जिथे भेटायचे, तिथे आणखी एक गोष्ट असते. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चालत नाही, त्यामुळे कापूस, धान्य, शेंगा, सगळं हमालांनी एका डब्यातून दुसऱ्यात टाकायचं. त्यासाठी लांब फलाट बांधत, एका अंगाला नॅरोगेज आणि दुसऱ्या अंगाला ब्रॉडगेज. या उचलाउचलीचा वेळ आणि खर्च हे गेज बदलण्यामागचं एक मोठं कारण होतं.

'बंद' म्हणजे बेवारस नव्हे

इथे हौशी मंडळींची सर्वांत मोठी चूक होते. रूळ गेले तरी जमीन रेल्वेकडे राहू शकते. मुंबईत कुलाब्याचं टर्मिनस १९३० अखेर बंद झालं, पण त्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वेचीच वसाहत उभी आहे. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरल्यास रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आठवण म्हणून गंजलेला बोल्ट खिशात घालणं त्याहून महागात पडतं. त्यासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

ओसाड वाटणारं यार्ड खरंच मेलेलं आहे का, हेही बाहेरून कळत नाही. गवतात बुडालेल्या सायडिंगवर नादुरुस्त वॅगन उभ्या असतात आणि वरच्या तारेत २५,००० व्होल्ट वाहत असतात. त्या तारेला हात लावायचीही गरज नसते. नुसतं जवळ गेलं तरी वीज झेप घेते. फोटोसाठी वॅगनवर चढलेली मुलं अशीच जातात. झुडपांनी झाकलेले राखेचे खड्डे, कठडा नसलेल्या विहिरी आणि साप हे धोके त्यानंतरचे.

काही ठिकाणी तर 'बंद' हा शब्दच लोकांना मान्य नसतो. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची 'शकुंतला' थांबली आहे, पण तिथली माणसं ती ब्रॉडगेज होऊन परत यावी म्हणून मागणी करत आहेत. अशा गावात 'भग्न अवशेष' बघायला आलो असं सांगितलं, तर चहा मिळेलच असं नाही.

म्हणून जाणकार सार्वजनिक रस्त्यावरून, फाटकावरून, पुलावरून बघतात, आणि आत जायचं असेल तर विभागीय रेल्वे कार्यालयाकडे लेखी परवानगी मागतात. छोटी इंजिनं आणि डबे जवळून पाहायचे असतील, तर नागपुरात मोतीबागेचं नॅरोगेज संग्रहालय २००२ पासून आहे.

गावात निवृत्त गँगमन किंवा पॉइंट्समन भेटला, तर कोणत्याही नकाशापेक्षा जास्त माहिती मिळते. फलाट किती लांब होता, पाणी कुठून यायचं, कोणत्या मोरीला काय नाव होतं, हे कागदावर बहुधा नसतं. ते त्याच दिवशी लिहून घ्यावं, जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर रूळ नसलेली जुनी रेल्वे दाखवायची वेगळी सोय आहे. तिथे ही रेघ कुणालाही काढता येते.