कपाटातले ‘नवे’ बूट

“एकदाच घातलेत, सात-आठ वर्षं कपाटातच होते, अगदी नवे आहेत.” सेकंडहँड ट्रेकिंगच्या बुटांबद्दल असं ऐकलं की घेणारा खूश होतो. खरं तर त्याने इथेच सावध व्हायला हवं. अशा बुटांच्या तळव्यातला मऊ थर बरेचदा पॉलियुरेथेनच्या फोमचा असतो. हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजत जातो, बूट पायात असो की खोक्यात. मुंबई-कोकणातल्या दमट घरात हे आणखी लवकर होतं. मग रतनगड उतरताना अख्खा सोल सुटून हातात येतो आणि उरलेली वाट त्याला दोरीने बांधून काढावी लागते. म्हणून वरच्या चामड्याची चमक बघून भुलू नका. जिभेच्या आतल्या लेबलवर उत्पादनाचं साल असेल तर ते वाचा. टाचेजवळच्या फोममध्ये नख रुतवा, बूट दोन्ही हातांनी जोर लावून वाकवा. बारीक भेगा दिसल्या किंवा भुगा पडला, तर बूट फुकटातही घेऊ नका.

परत आलेला माल म्हणजे सदोष माल, हा समजही तितकाच पक्का. बूट आणि कपडे बरेचदा केवळ माप चुकलं म्हणून परत येतात. अमेरिकेतल्या आरईआय या सहकारी संस्थेने २०१३ पर्यंत माल परत करायला मुदतच ठेवली नव्हती. त्या वर्षी तिने एक वर्षाची मर्यादा घातली. परत आलेल्या वस्तू ती सभासदांना स्वस्तात विकायची आणि वस्तू का परत आली, ते चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं. आपणही दुकानदाराला तेच कारण विचारावं. वॉरंटी लागू आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्यावं.

पावसाळी जॅकेट ओलं होतं म्हणून कवडीमोलाने विकणारे बरेच. पुष्कळदा बाहेरचा पाणी झटकणारा लेप तेवढा उतरलेला असतो. लेबलप्रमाणे धुऊन, उष्णता देऊन किंवा नवा लेप लावून काम भागतं. आतला थर सोलून निघत असेल, तर मात्र नाद सोडा. तंबूचंही तसंच: कापड चिकट झालंय, आंबूस वास येतोय, तर त्याच्या आतलं पाणी अडवणारं आवरण संपलं.

“दोर बघा, एक धागा निघालेला नाही.” या वाक्यावर विश्वास ठेवून कुणी कड्यावर जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती. बॅटरीतल्या ॲसिडचा संसर्ग झालेला नायलॉनचा दोर वरून धडधाकट दिसूनही तुटू शकतो. उन्हानेही नायलॉन कमजोर होतं. न वापरलेल्या दोराला, हार्नेसलाही अनेक उत्पादक जास्तीत जास्त दहा वर्षांचंच आयुष्य देतात. एकदा जोरात आपटलेल्या हेल्मेटचा फोम आतून दबलेला असू शकतो, आणि ते बाहेरून कळत नाही. अनोळखी माणसाकडून या तीन वस्तू कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत.

सॅक मात्र खुशाल जुनी घ्या. दहा किलो वजन भरून पाठीला लावा, कमरेचा पट्टा आवळा, चेन दोन-चारदा उघडबंद करा. तुटलेलं बक्कल बाजारात सहज मिळतं. खांद्याच्या पट्ट्याची शिवण उसवलेली असेल, तर किंमत आणखी पाडून मागा.