भाकरीतलं लोह अंगी कसं लागतं?



“पोरगं सारखं आजारी पडतं, ताकदीची एखादी पावडर सांगा,” असं वस्तीत नेहमी कुणीतरी विचारतं. महागड्या डब्याकडे वळण्याआधी आपल्या ताटाकडे नीट बघूया.

शरीराला लोह आणि जस्त हे धातू लागतात, पण अगदी थोडे. लोहामुळे रक्त प्राणवायू वाहून नेतं. जस्ताशिवाय रोगाशी लढणाऱ्या पेशी नीट तयार होत नाहीत. मग जुलाब, सर्दी-खोकला लवकर होतो आणि जखम भरायला वेळ लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. लहान लेकरांत हे प्रमाण दोन-तृतीयांशाहून जास्त आहे.

यावर एक उपाय आपल्याच परभणीत तयार झाला. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट संस्था यांनी मिळून ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण २०१८ मध्ये आणलं. साध्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असतं. या वाणात लोह सुमारे ४५ आणि जस्त ३२ मिलिग्रॅमच्या आसपास आहे.

आता हिशेब करा. दिवसाला ३०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या, तर साध्या ज्वारीतून ९ आणि ‘शक्ती’तून साडेतेरा मिलिग्रॅम लोह पोटात जातं. मोठ्या बाईला रोज २९ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे निव्वळ भाकरीवर भागत नाही. शिवाय पोटात गेलेलं सगळं लोह रक्तात उतरत नाही. धान्यातला फायटेट नावाचा पदार्थ त्याला धरून ठेवतो, आणि जेवणासोबतचा चहाही आड येतो.

इथे सूक्ष्मजीव कामाला येतात. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर भिजवून आंबील केली, की आंबवणीत फायटेट कमी होतं. मटकी-मुगाला मोड आणले तरी तसंच होतं. आतड्यातले चांगले जीवाणू भाकरीतल्या आणि डाळीतल्या चोथ्यावर जगतात आणि रोगजंतूंना सहज थारा मिळू देत नाहीत. साध्या सर्दीला मनानेच अँटिबायोटिक घेतलं, तर हे चांगले जीवाणूही मरतात.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय? अन्न जाळून शक्ती तयार होताना शरीरात ठिणग्यांसारखे कण उडतात. ते वाढले की पेशींना इजा करतात. त्यांना विझवणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. आवळा, लिंबू, पेरू, शेवग्याचा पाला, टोमॅटो यांत ते भरपूर असतात. काही तर शरीर स्वतःच बनवतं, आणि त्यासाठी जस्त, तांबं असे धातू लागतात. पण या ठिणग्या सगळ्याच वाईट नाहीत. पांढऱ्या पेशी त्यांनीच जंतू मारतात. म्हणून जास्त गोळ्या घेतल्याने जास्त फायदा होतो असं नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठा अभ्यास झाला. १९९४ मध्ये त्याचा निकाल आला: ज्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, तर जास्त आढळला.

मग घरात काय करायचं?

• भाकरी-वरणावर लिंबू पिळा, किंवा जेवणात आवळा, पेरू घ्या. आंबट फळांतलं क जीवनसत्त्व लोह रक्तात उतरवायला मदत करतं.
• चहा जेवणाआधी किंवा नंतर तासभर अंतर ठेवून घ्या.
• अंबाडीची भाजी लोखंडी कढईत करा. आंबटामुळे थोडं लोह भाजीत उतरतं. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल, तर त्यात आंबट शिजवू नका, ठेवूही नका.
• मासे, मटण, काळीज यांतलं लोह लवकर अंगी लागतं. परवडेल तेव्हा आधी लेकरं आणि बायांच्या ताटात वाढा. शेवटी उरेल ते खायची सवय घरातल्या बाईला रक्तहीन करते.
• लेकराला जुलाब लागले, तर ओआरएससोबत आशाताईंकडून जस्ताच्या गोळ्या घ्या. जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करा.
• शाळा-अंगणवाडीतली जंताची गोळी चुकवू नका. लोहाच्या गोळीने शौच काळी होते, घाबरू नका.

हिमोग्लोबिन मोठ्या बाईत १२ आणि गरोदरपणात ११ च्या खाली असेल, तर ताटासोबत औषधही लागतं. सोबत सांधे दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. शेजारच्या विदर्भात आदिवासींसोबत बौद्ध कुटुंबांतही हा आजार आढळतो, आणि आपले सोयरसंबंध तिकडेही आहेत. तो लोहाच्या गोळीने बरा होत नाही.

येत्या पौर्णिमेला विहारात बाया जमतील, तेव्हा आशाताईंना बोलवा आणि रक्त तपासणीचा दिवस ठरवून घ्या. पावडरीचा डबा त्यानंतर लागला, तर डॉक्टर सांगतील.