होम थिएटर पीसी जोडताना: छोट्या केसमधला एक मिलिमीटर किती रुपयांचा?

कॉम्प्युटर असेंब्ली शिकलेले बरेच जण विचारतात की साध्या डेस्कटॉपमध्ये आता काही सुटत नाही, मग करायचं काय? त्याचं एक उत्तर म्हणजे होम थिएटर पीसी. टीव्हीखाली सेट-टॉप बॉक्सशेजारी मावेल असा छोटा, आवाज न करणारा कॉम्प्युटर. प्रोसेसरची किंमत गिऱ्हाईक मोबाईलवर दोन मिनिटांत काढतं. पण ते सगळं एवढ्याशा डब्यात नीट बसवून द्यायची मजुरी त्याला कुठल्या साईटवर सापडत नाही. तुमची कमाई तिथे आहे, आणि नुकसानही तिथेच होतं.

कसं ते बघा. समजा पार्ट ४५,००० रुपयांचे आणि तुमची मजुरी ४,०००. कूलर पाच मिलिमीटर उंच निघाला आणि झाकण लागेना. खोकं फोडलेलं, पेस्ट लागलेली, दुकानदार परत घेत नाही. दुसरा कमी उंचीचा कूलर साडेतीन हजारांचा. म्हणजे दोन दिवस राबून हातात ५०० रुपये, त्यातून पेट्रोल वेगळं. म्हणून या धंद्यात स्क्रूड्रायव्हरच्या आधी मोजपट्टी हातात घ्यायची.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्याला फक्त ओटीटीवरच्या मालिका बघायच्यात, त्याला चार-पाच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक पुरते, आणि ते तुम्हीच त्याला सांगा. आज ४५ हजारांचं काम सुटेल, पण तो माणूस पुढे चार गिऱ्हाईकं पाठवेल. या पीसीचं खरं गिऱ्हाईक वेगळं. घरात लग्नाचे व्हिडिओ, फोटो, नाटकांच्या आणि गाण्यांच्या जुन्या सीडींनी भरलेल्या हार्ड डिस्क असलेलं कुटुंब, ॲम्प्लिफायर-स्पीकरवर खर्च करणारा संगीतप्रेमी, किंवा कृषी पर्यटन केंद्रात पाहुण्यांसाठी मोठा पडदा लावणारा मालक.

आता मापं. पहिलं माप गिऱ्हाईकाच्या घरी घ्यायचं. टीव्ही युनिटच्या कप्प्याची रुंदी आणि उंची सगळेच मोजतात, पण मागची बाजू विसरतात. एचडीएमआयचा प्लग आणि वायरचं वळण यालाच पाच-सहा सेंटीमीटर लागतात. मी सांगतो ती सोपी युक्ती करा: ठरवलेल्या केसच्या मापाचा पुठ्ठ्याचा डबा बनवून तो कप्प्यात ठेवून दाखवा. गिऱ्हाईकालाही पटतं आणि नंतर वाद होत नाही.

मग केस ठरवायची आणि बाकी सगळं त्यानंतर. साध्या डेस्कटॉपमध्ये आपण प्रोसेसरपासून सुरुवात करतो, इथे उलटं. मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटर. हे माप २००१ मध्ये व्हीआयए कंपनीने आणलं आणि आजही तेच चालतं, त्यामुळे बोर्ड बसेल का ही चिंता नसते. चिंता असते पॉवर सप्लाय आणि कूलरची.

नेहमीचा एटीएक्स पॉवर सप्लाय १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच आणि साधारण १४० किंवा जास्त लांब असतो. छोट्या केसला लागतो तो एसएफएक्स: १२५ रुंद, ६३.५ उंच, १०० लांब. तेवढ्याच वॉटला तो महाग पडतो, हे कोटेशनमध्ये आधीच धरा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ३०० ते ४५० वॉट भरपूर झाले. शक्यतो मॉड्युलर घ्या, कारण नको त्या वायरी कोंबायला या डब्यात जागाच नसते. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: एका पॉवर सप्लायच्या मॉड्युलर वायरी दुसऱ्याला कधीही लावायच्या नाहीत. प्लग बसतो, पण आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि बोर्ड किंवा डिस्क जळते.

कूलरसाठी एक खरं उदाहरण घेऊ. फ्रॅक्टल डिझाइनची नोड २०२ ही टीव्हीखाली आडवी ठेवता येणारी केस. तिच्यात कूलरची मर्यादा ५६ मिलिमीटर आहे. एएमडीच्या ६५ वॉटच्या प्रोसेसरबरोबर येणारा रेथ स्टेल्थ कूलर साधारण ५४ मिलिमीटर उंच. बसतो, पण झाकणात आणि पंख्यात दोनच मिलिमीटर राहतात. तिथे झाकणाला जाळी आहे म्हणून हवा मिळते. जाळी नसलेल्या केसमध्ये एवढीच फट ठेवली तर पंखा नुसता ओरडत राहील. नॉक्टुआचा एनएच-एल९ मालिकेतला कूलर ३७ मिलिमीटरचा आहे, रॅमवरही येत नाही, पण फुकटातला कूलर सोडून त्याचे पैसे मोजावे लागतात. मला विचाराल तर दिवाणखान्यातल्या मशीनसाठी ते पैसे घ्यावेतच. रात्री दहा वाजता सिनेमातल्या शांत प्रसंगात घुंऽऽ असा आवाज आला की फोन तुम्हालाच येतो. रॅम घेताना वर शोभेचे पत्रे नसलेली साधी पट्टी घ्या.

प्रोसेसरबाबत एकच मुद्दा, पण तो महत्त्वाचा. यूट्यूबचे बरेच व्हिडिओ आता एव्ही१ प्रकारात येतात. रायझन ५ ५६००जी स्वस्तात मिळतो, पण त्याच्या ग्राफिक्समध्ये एव्ही१ उलगडण्याची सोय नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो, तो तापतो आणि पंखा धावतो. रायझन ५ ८६००जी किंवा इंटेलचा आय३-१२१०० यांत ती सोय आहे. बोर्डाचा एचडीएमआय २.० किंवा पुढचा आहे का तेही बघा. १.४ असेल तर फोर-के चित्र सेकंदाला ३० फ्रेमवरच अडकतं.

जोडणीचा क्रम चुकला तर सगळं दोनदा करावं लागतं. बऱ्याच मिनी-आयटीएक्स बोर्डांवर एम.२ एसएसडीची जागा मागच्या बाजूला असते, म्हणजे बोर्ड केसमध्ये जाण्याआधीच एसएसडी लावायची. रेथ स्टेल्थ लावताना बोर्डावरचे प्लास्टिकचे ब्रॅकेट काढावे लागतात, आणि काही बोर्डांवर ते काढले की मागची पट्टी सुटून पडते. बोर्ड केसमध्ये असताना हे झालं तर सगळं परत बाहेर. म्हणून प्रोसेसर, कूलर, रॅम, एसएसडी हे सगळं बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवूनच लावा, तिथेच चालू करून बायोस दिसतो का बघा, आणि मगच केसला हात लावा. मागची पत्र्याची शील्ड सुटी आली असेल तर ती आधी बसवायची. प्रोसेसरची आठ पिनची वायर बोर्ड स्क्रूने आवळण्याआधी जागेवर ओढून घ्या, नंतर तिथे बोट जात नाही.

झाकण लावल्यावर किमान एक रात्र मशीन चालू ठेवा, व्हिडिओ सतत लावून, आणि तापमान बघा. तुमच्या बाकावर नाही, बंद लाकडी कप्प्यात. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या वर असते, तिथे काचेच्या दाराआडचा पीसी तग धरणार नाही. युनिटच्या मागच्या फळीला भोक पाडायला सुताराला बोलवायचं असेल तर तो खर्च आधी सांगा.

कोटेशनमध्ये पार्ट आणि मजुरी वेगवेगळ्या ओळीत लिहा. तुम्ही जीएसटी नोंदणीकृत असाल तर कॉम्प्युटरच्या पार्टांवर १८ टक्के धरायला विसरू नका. वॉरंटी पार्टांवर कंपनीची, जोडणीवर तुमची, किती महिने ते लिहून द्या. विंडोज मूळ परवान्याची टाका नाहीतर लिनक्स द्या. कोणी "फुकटातलं टाका, सिनेमे पण भरून द्या" म्हणालं तर सरळ नाही म्हणा, तुमच्या नावाचं बिल त्याच्याकडे आहे.

निघण्याआधी बायोसमध्ये जाऊन वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं की बंदच राहावं, ते गिऱ्हाईकाला विचारून सेट करा. लोडशेडिंगच्या गावात यावरून सगळ्यात जास्त फोन येतात.